दोन मोडून एक कॉम्प्रेसर

व्हेपर कॉम्प्रेशन सायकलचा पी-एच डायग्राम मी टी.ई.च्या वर्षात किमान वीस वेळा काढला असेल. सबमिशनला काढला, टेस्टला काढला, पेपरात तर पेन्सिलने सुबक काढला. त्यातली 'एक ते दोन' ही तिरकी रेघ म्हणजे कॉम्प्रेसर, एवढं पाठ होतं. पण ती रेघ सहा-सात किलो वजनाची असते, तिच्या आत पाच पिस्टन असतात आणि ती बिघडली की घरात काय होतं, हे मला मे महिन्यात कळलं.

आमच्या घरी एक जुनी कॉन्टेसा आहे. ही गाडी बनणं २००२ सालीच बंद झालं, हे बहुतेकांना माहीत असेल. अण्णांनी (माझे वडील) ती सेकंडहँड घेतली तेव्हाच तिच्यात बाहेरून बसवलेलं ए.सी.चं किट होतं. आमचं गाव जतच्या पुढे. आजीचं डायलिसिस मिरजेला, आठवड्यातून दोनदा. म्हणजे उन्हाळ्यात सत्तर-ऐंशी किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. ज्यांच्या घरी डायलिसिसचा पेशंट आहे त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो: या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं. आजीला दिवसभरात जेमतेम लिटरभर, त्यातच चहा आणि आमटीसुद्धा. एकेचाळीस डिग्रीत बंद गाडीत बसलेल्या माणसाला तहान लागते आणि पाणी द्यायचं नाही. तेव्हा आमच्याकडे ए.सी. ही चैन नव्हती.

परीक्षा संपवून घरी गेलो तर अण्णा म्हणाले, "ए.सी. खडखड करतोय, आणि वारं कोमट येतंय." एका गॅरेजने तीन आठवड्यांपूर्वी गॅस टॉप-अप केला होता. आता तेच म्हणत होते, कॉम्प्रेसर गेला, नवा टाका. नवा मिळत नाही असं नाही. या मापाचे बाहेरून आलेले कॉम्प्रेसर दुकानात दिसतात. पण आम्हाला दाखवलेल्याची पाइपांची तोंडं वर होती, आमची मागे. म्हणजे होज नवे करा, ब्रॅकेट बदला, पुली बदला. एकूण आकडा ऐकून अण्णा गप्प झाले. मग आम्ही मिरजेत चाचांकडे गेलो. चाचा तीस वर्षं गाड्यांचे ए.सी. करतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, आधी हात पुसा." तेव्हा हसू आलं. त्याचा अर्थ नंतर कळला.

आमचा कॉम्प्रेसर होता सँडन कंपनीचा एस.डी. ५०८. मित्रांनो, आपल्या पुस्तकात जो क्रँकशाफ्टचा कॉम्प्रेसर असतो तसा हा नाही. यात शाफ्टवर एक तिरपी तबकडी फिरते. तिच्यावर टेकलेली वॉबल प्लेट स्वतः फिरत नाही, कारण तिला मध्ये दात्यांनी अडवलेलं असतं. ती फक्त डुलते, ताटात भोवरा शेवटी शेवटी डुलतो तशी. त्या डुलण्याने गोलाकार मांडलेले पाच पिस्टन एकामागून एक पुढेमागे होतात. बोअर ३५ मि.मी., स्ट्रोक २८.६ मि.मी., पाच सिलिंडर. कॅल्क्युलेटर घ्या, एका फेऱ्याला साधारण १३८ घ.सें.मी. येतात. याचेच भाऊ ५०७ आणि ५१०. बाहेरून जवळजवळ सारखे, पण १०८ आणि १६१ घ.सें.मी.चे. भंगारात माल बघताना हा फरक लक्षात ठेवायचा.

उघडण्याआधी काय बघायचं, हे मला चाचांनी शिकवलं. नुसता 'आवाज येतो' म्हणून कॉम्प्रेसर फेकणाऱ्यांची त्यांना फार चीड आहे. पुलीच्या आत एक बेअरिंग असतं. ए.सी. बंद असतानाही ते इंजिनबरोबर फिरत राहतं. आवाज ए.सी. बंद असतानाही येत असेल तर दोष बहुतेक त्या बेअरिंगचा, आणि ते आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून कुठल्याही चांगल्या बेअरिंगच्या दुकानात मिळतं. मग क्लचची कॉइल. बारा व्होल्टला ती पावणेचार अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे मल्टिमीटरवर सव्वातीन ओहम यायला हवेत. आमची ३.३ होती, ठीक. मग बेल्ट काढून पुढचा हब हाताने फिरवायचा. चांगल्या कॉम्प्रेसरमध्ये एका फेऱ्यात पाच हलके धक्के सारख्या अंतरावर जाणवतात. आमच्यात चारच आले. पाचव्याच्या जागी हात मोकळा जात होता. आणि पुलीच्या मागे तेलाचा काळा डाग, म्हणजे शाफ्टचं सील गळत होतं. गॅस आधीच निघून गेलेला. सिस्टिममध्ये गॅस असता तर तो रिकव्हरी मशीनने बाटलीत काढून मगच नट ढिले करायचे होते, हवेत सोडायचा नाही. आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण तापमानवाढीच्या हिशोबात त्याचा एक किलो म्हणजे शंभर वर्षांच्या मापाने सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइड.

खोलताना घाई चालत नाही. मधला नट काढला तरी हब हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरने उचकटायचा नाही. त्यावर तीन आट्यांची भोकं असतात, त्यासाठी पुलर लागतो. आमच्याकडे नव्हता. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पट्टीला तीन भोकं पाडून मधे बोल्ट घातला आणि तासाभरात पुलर तयार झाला. (फर्स्ट इयरला ज्या फिटिंगच्या जॉबला मी शिव्या दिल्या होत्या, त्याची मनोमन माफी मागितली.) हबच्या आत शाफ्टवर कागदासारखे पातळ शिम असतात. ते पडले आणि हरवले तर पुढे डोकं धरून बसायची वेळ येते.

मागचं हेड काढलं आणि चोर सापडला. हेड आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक व्हॉल्व्ह प्लेट असते. तिच्यावर स्प्रिंग स्टीलच्या पातळ जिभा असतात, त्यांना रीड म्हणतात. तिसऱ्या सिलिंडरचा रीड मुळातून तुटलेला होता. पिस्टनच्या डोक्यावर त्याची खूण उठली होती. चाचांनी विचारलं, "गॅस भरताना डबा कसा धरला होता?" अण्णांना आठवलं, उलटा. इंजिन चालू, डबा उलटा, म्हणजे सक्शनमधून वाफेऐवजी द्रव आत गेला. द्रव दाबला जात नाही, हे आपण अकरावीत शिकतो. रीडने ते प्रत्यक्ष शिकून घेतलं.

आता खरी अडचण. सील, ओ-रिंग, गॅस्केट यांचं किट मिळालं. बेअरिंग मिळालं. व्हॉल्व्ह प्लेट मात्र सांगली, मिरज, कोल्हापूर कुठेच नाही. माझा रूम पार्टनर म्हणाला, शिम स्टॉक आणू, लेझरने रीड कापू, दोनशे रुपयांत काम. मलाही पटलं. चाचांनी हिशोब घालायला लावला. कॉम्प्रेसर २००० आर.पी.एम.ने फिरला तर प्रत्येक रीड मिनिटाला २००० वेळा वाकतो. येऊन-जाऊन चार तासांचा प्रवास आणि क्लच सतत लागलेला धरला, तर ४,८०,००० वेळा. एका दिवसात. मटेरिअल सायन्समधला एस-एन कर्व्ह आठवा. रीडच्या कडा कंपनी गुळगुळीत करून देते, कारण लेझरने जळलेल्या कडेवरच्या सूक्ष्म खाचेतून फटीग क्रॅक सुरू होतो. आणि तुटलेला तुकडा पुन्हा पिस्टनवरच पडणार. मग काय घरी बनवायचं आणि काय नाही, यावर चाचांचा नियम असा: जे नुसतं धरून ठेवतं ते बनव (पुलर, ब्रॅकेट, वॉशर). जे दर फेऱ्याला वाकतं, घासतं किंवा गॅस अडवतं, ते कंपनीचंच हवं, मग जुनं का असेना.

म्हणून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, आणि तिथून कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड. जुन्या गाड्यांचे भाग तिथे ढिगाने असतात. अर्धा दिवस ५०७ आणि ५१० उचलून खाली ठेवण्यात गेला. शेवटी एक ५०८ मिळाला. त्याचा बसवायचा कान तुटलेला, म्हणून स्वस्त. दुकानदार उघडू देईना, पण हब फिरवू दिला. तोंडांवर अंगठे ठेवून फिरवला, पाच धक्के सारखे आले. परत येताना रात्रभर तो माझ्या उशाला होता. डब्यातल्या एका काकांनी विचारलं, "बॉम्ब नाही ना?"

मेट्रोलॉजी लॅबमध्ये त्याची व्हॉल्व्ह प्लेट सरफेस प्लेटवर मार्किंग ब्लू लावून तपासली. डाग सगळीकडे सारखा, म्हणजे प्लेट सपाट. मग रीडच्या बाजूने थोडं डिझेल ओतून ठेवलं. दहा मिनिटांत खाली झिरपलं नाही. जुनं गॅस्केट खरवडताना लोखंडी ब्लेड वापरायचं नाही, ॲल्युमिनिअमला ओरखडा पडतो. प्लास्टिकचा तुकडा आणि सॉल्व्हेंट वापरून आम्ही दोन तास घालवले.

गॅस्केटवरून एक गणित सांगतो, कारण ते पेपरातही येतं. किटमध्ये हेडचं एक गॅस्केट फाटकं निघालं. मी म्हणालो, बाजारात शीट मिळते, कापू. पण मिळाली ती अर्धा मि.मी. जाडच. पिस्टनवर गॅस्केट अर्धा मि.मी. जास्त म्हणजे प्रत्येक सिलिंडरला सुमारे ०.४८ घ.सें.मी. जागा वाढली. स्वेप्ट व्हॉल्यूम २७.५, म्हणजे क्लिअरन्स पावणेदोन टक्क्यांनी वाढला. ऐकायला क्षुल्लक वाटतं. आता आर-१३४ए शून्य अंशाला २.९३ बार आणि कंडेन्सर ६० अंशाला १६.८ बार धरा. गुणोत्तर ५.७. एक्स्पान्शनचा घातांक १.१ घेतला तर त्या मोकळ्या जागेतला गॅस परत येताना ४.९ पट पसरतो. तो स्ट्रोकचा जो भाग खातो तो १.७५ गुणिले ३.९, म्हणजे जवळजवळ सात टक्के. एका गॅस्केटमुळे! दुसरं किट मागवलं आणि चार दिवस थांबलो.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं केलं. पुढचं ऐका.

चाचा पुतणीच्या लग्नाला बेळगावला गेले. जाताना सांगून गेले, "जोडून ठेव. पण लाइन धुतल्याशिवाय आणि ड्रायर बदलल्याशिवाय गॅस भरू नको. मी आलो की बघू." आजीचं डायलिसिस गुरुवारी होतं, चाचा येणार रविवारी. मी विचार केला, कॉम्प्रेसर तर आता नव्यासारखा आहे. त्यात पॅग तेल घातलं, दुसरीकडे नेऊन व्हॅक्यूम केलं, गॅस भरला. हवा थंडगार आली. अण्णांनी पाठ थोपटली.

गुरुवारी कवठेमहांकाळच्या अलीकडे खर्रर्र असा आवाज झाला. अण्णांनी त्याच क्षणी ए.सी.चं बटण बंद केलं. क्लच सुटला, पुली नुसती फिरत राहिली. तेवढ्यानेच कॉम्प्रेसर वाचला, हे नंतर समजलं. काचा खाली केल्या तर तव्यावरची वाफ यावी तसा वारा आत आला. आजीच्या डोक्यावर ओला पंचा ठेवला. ती म्हणाली, "घोटभर दे रे." सकाळच्या चहाचा आणि औषधाच्या पाण्याचा हिशोब माझ्या डोक्यात होता. बाटलीच्या झाकणात दोनदा पाणी ओतून दिलं. तिने तेही हळूहळू प्यायलं, एका वेळी संपू नये म्हणून. मी पुढच्या सीटवर मागे वळून बसलो होतो आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

रविवारी चाचांनी लाइन उघडली तेव्हा काही बोलले नाहीत. एका पांढऱ्या कापडावर कंडेन्सरमधलं तेल ओतलं आणि कापड माझ्या हातात दिलं. करडं तेल, त्यात ॲल्युमिनिअमची चमचम, शिवाय जुन्या रीडचा तांदळाएवढा तुकडा. एक्स्पान्शन व्हॉल्व्हची जाळी अर्धी बुजलेली. बारीक भुकटी तिच्यातूनही निसटून सक्शनने परत कॉम्प्रेसरमध्ये आली होती.

तेव्हाच मूळ दुखणंही सापडलं. हे किट होतं आर-१२ च्या काळातलं. आर-१२ ओझोन खातो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. आपल्याकडे नव्या गाड्यांच्या ए.सी.तून तो २००३ पासून गेला. कोणीतरी आमच्या पाइपांवर ॲडॅप्टर बसवून आर-१३४ए भरला होता, पण तेल मात्र जुनं मिनरलच ठेवलं होतं. मिनरल तेल आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. गॅस फिरतो, तेल इव्हॅपोरेटरच्या तळाशी बसून राहतं आणि कॉम्प्रेसर वर्षानुवर्षं अर्धपोटी चालतो. भुकटी त्याचीच. रीड तुटला द्रवामुळे, पण त्याआधीची झीज ही या उपासमारीची. आणि मी त्याच घाणीवर नवा डाव मांडला होता.

दुसऱ्यांदा उघडलं. नशिबाने रीड शाबूत होते. तिसऱ्या सिलिंडरमध्ये उभी बारीक रेघ होती, पण नख अडकत नव्हतं. बोअर थेट ॲल्युमिनिअमच्या ब्लॉकमध्येच असतो आणि ओव्हरसाइझ पिस्टन मिळत नाहीत. नख अडकलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं. त्या पिस्टनची रिंग मात्र खराब झाली होती. कुर्ल्याच्या कॉम्प्रेसरमधून रिंग घेतली. अख्खा पिस्टन घेऊ का, असं विचारलं, तर चाचांनी दाखवलं: रॉडची गोल टोकं पिस्टनमध्ये आणि वॉबल प्लेटमध्ये दाबून कायमची बसवलेली असतात. पाचही पिस्टन म्हणजे एकच कुटुंब. शिवाय एका बोअरमध्ये झिजलेला पिस्टन दुसऱ्यात घालायचा नाही.

शाफ्टचं सील बसवताना 'हात पुसा' चा अर्थ कळला. या जुन्या ५०८ मध्ये कार्बनची एक रिंग गुळगुळीत सीटवर घासत फिरते, आणि गॅस आत राहतो तो त्या दोन पृष्ठभागांच्या भरवशावर. बोटाचा घाम किंवा कापडाचा धागा लागला तरी ते गळतं. चाचा ती रिंग कडेने धरतात, स्वच्छ तेलात बुडवतात आणि शाफ्टच्या आट्यांवर नळी चढवून मगच आत सरकवतात. तेवढा वेळ दुकानातला पंखाही बंद.

मग लाइन. कंडेन्सर, इव्हॅपोरेटर आणि पाइप वेगवेगळे करून फ्लशिंगचं सॉल्व्हेंट घातलं आणि कोरड्या नायट्रोजनने फुंकलं, कापडावर स्वच्छ येईपर्यंत. गॅरेजच्या हवेने फुंकायचं नाही, त्यात पाणी असतं. आणि वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन तर चुकूनही नाही, तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन म्हणजे स्फोट. जुन्या कंडेन्सरचा एक फायदा: एकच जाड नळी नागमोडी गेलेली असते, म्हणून तो धुता येतो. नव्या गाड्यांतला बारीक समांतर नळ्यांचा कंडेन्सर असता तर टाकूनच द्यावा लागला असता. ड्रायर नवा. ओ-रिंग आर-१३४ए ला चालणाऱ्या. तेल या वेळी एस्टर, कारण मिनरलचा थोडा अंश राहिला तरी ते सांभाळून घेतं. तेल घातल्यावर हब हाताने वीस-पंचवीस फेरे फिरवला, सिलिंडरमध्ये साचलेलं तेल निघून जावं म्हणून. नाहीतर पुन्हा तेच, द्रव आणि रीड. क्लचची फट ०.४ ते ०.८ मि.मी. लागते. शिम बदलून तीन ठिकाणी ०.५ आणली.

व्हॅक्यूमला माझी पुन्हा फजिती. पुस्तकात २९.९ इंच लिहिलेलं, आमचं गेज २८ ला अडलेलं. मी पंपात दोष काढत बसलो. चाचा म्हणाले, "इथं एवढंच येतं." विचार केला तर बरोबर होतं. मिरज समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, हवेचा दाबच ९५० मिलिबारच्या आसपास, म्हणजे २८ इंच. गेज दाखवतं ते बाहेरच्या हवेच्या तुलनेत. तीस अंशाला पाणी ४२ मिलिबारला उकळतं. त्याच्या बऱ्याच खाली जाऊन पाऊण तास पंप चालवला, मग बंद करून वीस मिनिटं काटा हलतो का ते बघितलं. हलला नाही. गॅस वजन करून भरला, आर-१२ च्या आकड्याच्या ८५ टक्के. डबा उभा.

त्या गुरुवारी मी मागे आजीशेजारी बसलो. कवठेमहांकाळ आलं तेव्हा अण्णांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. दोघेही आवाज ऐकत होतो. काही नव्हता. नागजच्या आधीच झोपलेली आजी मिरजेच्या पुलाखाली जागी झाली आणि म्हणाली, "जरा कमी कर रे ते, गुडघे गारठले."

कुर्ल्याच्या ५०८ चं उरलेलं धड माझ्या खाटेखाली आहे. पुढच्या सेमला आर.ए.सी. लॅबसाठी त्याचं कट सेक्शन करायचं सरांनी कबूल केलंय. हॅकसॉ धरायला दोघे जण हवेत. वॉबल प्लेट कशी डुलते ते ज्यांना तोपर्यंत बघायचंय त्यांनी मेस सुटल्यावर यावं, पण येताना हात पुसून.